वाळवंटात पहिल्यांदाच एकट्याने: बाइक की कार?

दोन दिवसांची सुटी हाताशी आहे, एकट्यानेच जायचं पक्कं झालंय, रस्ताही आखून झालाय. गाडं अडलंय ते एवढ्यावरच, की बाइक काढायची की कार. मी वाळवंटातून दोन्हींनी एकटीने गेले आहे आणि बाइकवर माझा फार जीव आहे. तरीही पहिल्या खेपेला कार घ्या, असंच सांगेन. मात्र कार सगळीकडेच सरस आहे असं नाही. एके ठिकाणी तर बाइकच जास्त सुरक्षित वाटते.

आधी पाणी

वाळवंटात माणशी दिवसाला किमान ४ ते ६ लिटर पाणी धरायचं. दोन दिवसांचं १० लिटर, आणि गाडी बंद पडून एक दिवस जास्त काढावा लागला तर आणखी ५. म्हणजे १५ किलो नुसतं पाणीच झालं. कारच्या डिकीत हे ओझं जाणवतसुद्धा नाही. बाइकच्या मागच्या सीटवर तेच उंच बांधलं, की भुसभुशीत वाळूत पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल हातात राहत नाही.

त्याहून मोठी अडचण पिण्याची. थांबा, हातमोजे काढा, हेल्मेट काढा, मग बाटली. दोन-तीनदा हे केलं की कंटाळा येतो आणि पुढच्या थांब्याला पिऊ म्हणत आपण तसेच निघतो. कोरड्या हवेत घाम आल्या आल्या उडून जातो. अंग ओलं लागत नाही, त्यामुळे पाणी किती गेलं याचा पत्ताच लागत नाही. मला तो लागला संध्याकाळी जॅकेट उतरवल्यावर. आतला काळा टीशर्ट खडखडीत कोरडा होता, आणि पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, भरती ओसरल्यावर वाळूत उमटतात तशा. बाइकनेच जायचं असेल तर तोंडाशी नळी येणारी पाण्याची पाठपिशवी घ्याच.

ऊन आणि सावली

माझा कौल कारकडे झुकतो तो इथे. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून बरीच तापली, की अंगावर येणारा वारा गार करण्याऐवजी उष्णता देऊ लागतो. म्हणून भर उन्हात जॅकेटची चेन उघडून बाइक चालवणं चुकीचं. बंद जॅकेटच्या आत ओला केलेला सुती कपडा जास्त वेळ साथ देतो.

पण खरी परीक्षा चालताना नसते, थांबावं लागतं तेव्हा असते. एकदा भर दुपारी माझ्या बाइकचं मागचं चाक पंक्चर झालं. साइड स्टँड वाळूत रुतत होता, त्याखाली चपटा दगड सरकवला. मग सावली शोधली तर ती टाकीखाली, हातभर. एक ताडपत्री हँडलला आणि एका झुडपाला बांधून तिच्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसले, उन्हं कलेपर्यंत. हवा भरायला लागली वीस मिनिटं, बसावं लागलं तीन तास. कार असती तर तिच्या आडोशाला पाय पसरून बसले असते.

कारची सावली म्हणजे तिच्या बाजूची सावली, आतली नव्हे. इंजिन बंद करून काचा लावलेली गाडी उन्हात अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा जवळजवळ २० अंशांनी तापू शकते. दारं उघडा आणि बाहेर बसा. वाहन कोणतंही असो, ते सोडून मदत शोधायला चालत निघू नका. शोधणाऱ्याला गाडी लांबून दिसते, माणूस दिसत नाही.

रुतलं, पडलं, फाटलं तर

कार रुतली की ॲक्सिलरेटर सोडा, नाहीतर चाकं स्वतःसाठीच खड्डा खणतात. टायरमधली हवा १५ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड येते, पण डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरावी लागते. म्हणून छोटा कंप्रेसर आणि फावडं सोबत हवंच. फोर-व्हील ड्राइव्ह नसेल तर वाळूत उतरूच नका. निघण्याआधी डिकी उघडून स्टेपनी आहे ना ते डोळ्यांनी बघा. हल्ली अनेक गाड्यांत तिच्या जागी पंक्चर बुजवायचा द्रव देतात आणि दगडाने टायरची बाजू चिरली तर त्याचा उपयोग होत नाही.

बाइक ओढून काढायला सोपी, पण आडवी पडली तर? हँडल वळवून, बाइककडे पाठ करून, खाली बसून पायांच्या जोरावर ती उचलायची असते. सामानासकट हे तुम्हाला एकट्याने जमतं का, ते घराजवळच करून पाहा. नाही जमलं तर निर्णय तिथेच झाला.

बाइक जिथे जिंकते

झोप. ऑस्ट्रेलियाच्या नलरबॉर भागातल्या आयर हायवेवर १४६.६ किलोमीटरचा एक पट्टा आहे, त्यावर एकही वळण नाही. अशा रस्त्यावर एसीच्या गारव्यात, बोलायला कुणी नसताना डोळ्यांवर झापड येते आणि ती आलीये हे उशिरा कळतं. बाइकवर शरीर जागं राहतं. कारने जाणाऱ्याने दर दीड-दोन तासांनी खाली उतरायलाच हवं.

आणि वास. संध्याकाळी जमीन निवू लागते तेव्हा मधूनच एखादा थंड झोत अंगावर येतो, धूळ आणि वाळक्या झुडपांचा वास घेऊन. हे काचेआड मिळत नाही. माझा बाइकवर जीव आहे तो यासाठीच.

धुळीचं वादळ आलं तर मात्र पुन्हा कारच बरी. रस्त्यापासून शक्य तितकं दूर थांबायचं, सगळे दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरून पाय काढायचा. अमेरिकेत ॲरिझोनाचा वाहतूक विभाग हेच सांगतो, कारण मागून येणारा तुमच्या लाल दिव्यांना रस्ता समजून सरळ तुमच्यावर येतो. अंधारात चालवणं दोन्हींत टाळा, जनावरं रस्त्यावर येतात.

मग कुणी काय घ्यावं?

उन्हाळा असेल, किंवा वाटेत पेट्रोलपंप दूर दूर असतील, तर कार. थंडीचे दिवस, पूर्ण डांबरी रस्ता, दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या आतला पल्ला आणि बाइकवर लांब जायची आधीपासून सवय, हे चारही जुळत असेल तर खुशाल बाइक काढा. मात्र थंडीतही वाळवंटातली रात्र गारठवते. कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची ऊब भराभर निघून जाते, म्हणून एक जाड कपडा वरच ठेवा.

आणि निघायच्या आदल्या रात्री घरच्या एका माणसाला लिहून द्या: रस्ता कोणता, मुक्काम कुठे, गाडीचा नंबर काय, आणि रविवारी किती वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर तू कुणाला फोन करायचा.