मादूचा १८४२ चा लिथोग्राफ अल्बम: काही महिने वापरल्यावर

ब्रसेल्समध्ये राहतो म्हणून रविवारी साब्लोंच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात चक्कर ठरलेलीच, तिथेच घासाघीस करून जां-बातिस्त मादू या बेल्जियन चित्रकाराचा हा लिथोग्राफचा, म्हणजे दगडावर खडूने काढून त्यावरून छापलेल्या चित्रांचा, अल्बम उचलला. फ्लेमिश आणि डच चित्रकारांच्या आयुष्यातले प्रसंग, रुबेन्स, रेम्ब्रांट वगैरे मंडळी, सगळं त्या रोमँटिक काळाच्या थाटात म्हणजे जरा नाटकीच. इतिहास म्हणून किती खरं ते सोडा, ड्रॉइंग मात्र कडक.

पहिलं म्हणजे हे चाळायचं पुस्तक नाही. जड आहे, आधी टेबल रिकामं करा, हात धुवून कोरडे करा, मग दोन्ही हातांनी पान उलटा. खरी मजा भिंगातून. दहापटीचं साधं भिंग पुरतं. काळ्या मखमली अंगरख्यावर भिंग धरलं की काळ्यातसुद्धा बारीक पांढरे कण दिसतात, कारण तेलकट खडू दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या उंचवट्यांना लागतो, खळग्यांत पोचतच नाही. हल्लीच्या ऑफसेट कॉपीत तिथे ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, त्यामुळे नकली लगेच कळतं. माझ्या प्रतीत चित्रं पातळ चायना पेपरवर छापून तो जाड कागदावर चिकटवलाय, त्याची कड बोटाला जेमतेम लागते.

हा मादू १८२० च्या सुमारास ब्रसेल्सला जोबारच्या लिथोग्राफीच्या कारखान्यात कामाला होता, आणि गंमत म्हणजे बेल्जियममध्ये दागेरोटाइपचा (फोटोग्राफीची सुरुवातीची पद्धत) कॅमेरा पहिल्यांदा चालवला तोही याच जोबारने, १८३९ मध्ये. म्हणजे ज्या कॅमेऱ्याने पुढे दगडाचा धंदा बसवला तो आणला दगडवाल्यानेच!

तक्रार एकच, फॉक्सिंग, म्हणजे जुन्या कागदावर पडणारे तपकिरी डाग. विक्रेता म्हणाला "थोडे डाग आहेत", घरी आणून बघतो तर सुरुवातीच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा सडा. चेहरे वाचलेत हे नशीब. ब्लीच करून घे असं सांगणारे भेटतात, अजिबात ऐकू नका, कागदाचा जीव जातो. मी आडवा ठेवतो, बाहेरच्या भिंतीपासून लांब, अॅसिड-फ्री बॉक्समध्ये, आणि खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास.

घ्यायचाच तर अख्खा घ्या. फ्रेममधली सुटी प्लेट, म्हणजे चित्राचं पान, दिसायला छान, पण ती बहुतेक वेळा कुठल्यातरी अल्बमची चिरफाड करून आलेली असते. लोटर्स, फुरमुआ, स्त्रोबां या त्या काळच्या बेल्जियन लिथोग्राफरांच्या गावांच्या दृश्यांचे तर फारच हाल, ज्याला त्याला आपल्या गावाचं चित्र भिंतीवर हवं, शिवाय मागाहून हाताने रंग फासून भाव चढवतात ते वेगळंच. पैसे देण्याआधी प्लेट मोजा, मजकुराची पानं आणि टायटल पेज तपासा, शंका असेल तर ब्रसेल्सच्या रॉयल लायब्ररीतल्या प्रतीशी ताडून बघा.

रविवर्मा प्रेसच्या लक्ष्मी-सरस्वती बघत मोठे झालेल्यांना इथे रंग नाहीत म्हणून सुरुवातीला फिकं वाटेल. मलाही वाटलं, आता उलट ती रंगीत चित्रं जरा भडक वाटतात.

पाचपैकी चार, एक मार्क डागांसाठी कापला. मुंबई-कोकणवाल्यांनी एसी आणि डीह्युमिडिफायर असेल तरच विचार करावा, चिकटवलेला चायना पेपर आणि जुलै महिना यांचं जमणार नाही.