हेराल्ड ओपन: नऊ महिने आणि फूटभर पेट्रोल पाइप

लिहायला बसलोय ते टेबलावरच्या एका रबरी तुकड्यामुळं. फूटभर पेट्रोल पाइप, ब्लेडनं उभा चिरलेला. गेल्या रविवारी अण्णांच्या जुन्या उघड्या गाडीतून, स्टँडर्ड हेराल्डमधून काढला. या तुकड्यानं आमचा अख्खा उन्हाळा खाल्ला, आणि तो गाडीत मीच बसवला होता.

अण्णा सहासष्ट वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचे माग होते, आता मुलगा बघतो. मागच्या दसऱ्याला घरी आले आणि म्हणाले, "मला उघडी गाडी घ्यायचीय. स्पोर्ट्स. जुनी. तू बघ की." माझ्याकडं सोळा वर्षं १९८५ ची पद्मिनी आहे, तिचे पॉइंट-प्लग मीच करतो, म्हणून मला विचारलं.

आधी मुंबईला एमजीबी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी बघितली. १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, आवाज ऐकूनच अण्णा खूश. पण एमजीबीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पट्टी गंजली की गाडीचा कणाच गेला असं समजायचं. मी लोहचुंबक लावत गेलो, तर दोन ठिकाणी तो धरेना. रंगाखाली नुसती लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली. त्याहून मोठी अडचण अण्णांच्या गुडघ्याची. सीट इतकी खाली की उठताना त्यांना दाराच्या कडेला लोंबकळावं लागलं. कुणा ज्येष्ठ माणसासाठी अशी गाडी बघणार असाल तर इंजिन ऐकायच्या आधी त्यांना पाच वेळा बसायला-उठायला लावा. मग गोव्याची सॅन स्टॉर्म काढली: रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, फायबरची बॉडी, गंजायची भीतीच नाही. अण्णांनी एक फेरी मारली आणि विचारलं, "ही जुनी कुठाय?" विषय संपला.

राहिली स्टँडर्ड हेराल्ड. तिचा टप बोल्टवर बसवलेला असतो आणि खाली स्वतंत्र चासी असते, म्हणून टप काढला तरी गाडी वाकत नाही. टप काढलेल्या हेराल्ड याच कारणानं बऱ्याच सापडतात. पण आरसी वाचा. एक गाडी लाखभर स्वस्त मिळत होती. तिच्या आरसीवर बॉडीच्या रकान्यात सलून, म्हणजे बंद छपराची, आणि समोर उघडी गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदीबाहेरचा असा बदल चालत नाही. उद्या अपघात झाला तर विमावाला आधी हेच काढील. "टप कधीही परत बसवता येतो," म्हणाला विकणारा. मी उठलो. शेवटी पुण्यात १९६७ ची मिळाली, आरसीवर स्वच्छ कन्व्हर्टिबल लिहिलेली.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला २०२१ च्या नियमानुसार व्हीए मालिकेचा विंटेज नंबर घेता येतो. नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. आम्ही घेतला नाही. त्या नंबरवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची, रोज वापरायची नाही. अण्णांना सकाळी संभाजी तलावावर जायचं होतं. म्हणून साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवली.

हेराल्ड स्पोर्ट्स कार नाही, हे मी अण्णांना सौदा करायच्या आधीच सांगितलं. ९४८ सीसी, पस्तीसेक हॉर्सपॉवर. पण १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच चासीला आखूड करून निघाली. पुढचं सस्पेन्शन तेच, रॅक-पिनियन स्टिअरिंग तेच, दोन्हींचा आराखडा मिकेलॉटी या इटालियन डिझायनरचा. आणि हेराल्ड मद्रासला बनायची, त्यामुळं काही सामान अजून इथल्या जुन्या दुकानांत निघतं. एमजीबीचं बुश जरी लागलं तरी इंग्लंडहून मागवा, वर ड्युटी भरा.

मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे वळण. २५ फुटांत ही गाडी फिरते. नवी पेठेत एका बोळात समोरून टेम्पो आला, मागं रिक्षा. अण्णांनी स्टिअरिंग पूर्ण कापलं आणि गाडी एकाच दमात उलटी फिरली. रिक्षावाला खाली उतरून पुढची चाकं बघत बसला, इतकी ती आडवी होतात. बॉनेट पूर्ण पुढं उलटतं, त्यामुळं टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं. पद्मिनीवर वाकून वाकून कंबर गेलेल्या माणसाला याची किंमत कळते. मागचा आडवा पाटा आणि चाकासकट झुलणारा स्विंग अॅक्सल मात्र जपायचा. जोरात वळणात घुसून मध्येच अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की मागचं चाक आत दुमडू बघतं. वेग वळणाच्या आधीच उतरवायचा. ब्रेक ठीक. अॅव्हरेज लिटरला अकरा.

कापडी टप रिक्षाची हुडं शिवणाऱ्याकडून करून घेतला. अण्णांनी कापडाचे सात नमुने बोटांत चोळून बघितले आणि पाच तिथंच बाजूला सारले. "वीण सैल आहे, पाणी धरणार." जुलैत दोन मोठे पाऊस झाले, आत थेंब आला नाही.

आता मूळ दुखणं. एप्रिलमध्ये तुळजापूरला निघालो. पारा ४२ च्या पुढं. घाटाच्या अलीकडं गाडी झटके देऊ लागली आणि बंद पडली. मी इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, वीस मिनिटं थांबलो, चालू झाली. म्हणजे व्हेपर लॉक, उष्णतेनं पेट्रोल उकळून वाफ अडकतेय, माझी खात्रीच पटली. पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. त्या दिवशी देवीचं दर्शन राहिलं, अण्णांच्या घरच्यांनी दोन तास उन्हात काढले. एका गॅरेजनं कार्ब्युरेटर नवा, इलेक्ट्रिक पंप नवा असा २२ हजारांचा आकडा दिला. पंप न उघडता, पाइपला हात न लावता. मी गाडी तिथून काढली तर गाडी ठेवल्याचे दीड हजार मागितले. भांडलो. पाचशे देऊन सुटलो, ते पाचशे अजून डोक्यात आहेत.

मे महिनाभर मी भेटेल त्याला सांगत होतो, सोलापूरच्या उन्हात हेराल्ड घेऊ नका. ते वाक्य आता मागं घेतो.

कारण ऑगस्टमध्ये भुरभुर पावसात, सकाळी सात वाजता, अक्कलकोट रोडवर गाडी तशीच मेली. हवा गार, पंपाला हात लावला तर कोमट. उकळायचा प्रश्नच नव्हता. सावकाश चालवली की नीट, साठच्या वर दहा मिनिटं ठेवली की मरते, थोडं थांबलं की पुन्हा चालते. मी पंपाचं झाकण खोलत होतो तोवर अण्णा लोखंडी नळी आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप बोटांत दाबत होते. माणसानं आयुष्यभर मागावर सूत बोटांनी ओळखलंय. म्हणाले, "अरे, हे एका जागी लुसलुशीत लागायलंय. बाकी कडक."

घरी आणून चिरला. आतला थर सुटला होता, दुधावरच्या सायीसारखा. सावकाश चालवताना ती साय भिंतीला चिकटून राहायची. पेट्रोल जोरात ओढलं की उठून तोंड बंद करायची. थांबलं की परत खाली बसायची. एप्रिलमध्ये काम ओल्या फडक्यानं केलंच नव्हतं, त्या वीस मिनिटांनी केलं होतं.

पाइप मी डिसेंबरात बदललेला. फुटाला ४० रुपये. दुकानदार म्हणाला, "सगळे हाच नेतात." आता पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे ई२०, वीस टक्के इथेनॉल. ते जुन्या पद्धतीचं रबर फुगवतं, मऊ करतं, शिवाय हवेतलं पाणी ओढतं, म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉलला माझा विरोध नाही. साखर कारखान्यांचा हा जिल्हा, माझ्या मामाचा ऊसही तिथंच जातो. पण ४० रुपयांच्या पाइपवर तो कशाला चालतो, कशाला नाही, एवढं छापायला काय जातं? पाइपवर एसएई जे३० आर९ असा शिक्का बघून घ्या. त्यात आतला थर फ्लोरो रबराचा असतो. आर६ लिहिलेला परत करा. मीटरला सहाशेच्या वर पडला. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत तीन तुकडे मिळून सव्वा मीटर पुरला, क्लिपासकट हजाराच्या आत. २२ हजारांचं काम.

बदलल्यावर अण्णांनी एकट्यानं तुळजापूर गाठलं, टप उघडा ठेवून, घाट चढून, न थांबता. वरून फोन केला तेव्हा मागं ढोल ऐकू येत होते आणि ते नुसतं "आलो बघ, आलो" एवढंच म्हणत होते.

पंपातला रबरी पडदाही जुनाच आहे, तोही याच पेट्रोलनं जाणार. इथेनॉलला चालणारा मागवलाय, आला की दिवाळीआधी बसवीन. हा चिरलेला तुकडा अण्णांनी मागितलाय. अजून दिला नाही. आधी तो त्या दुकानात काउंटरवर ठेवायचाय.