‘ट्रिअर’ की ‘फॉन ट्रिअर’? दिग्दर्शकाचं आडनाव इंग्रजीत लिहिताना

इंग्रजीत सिनेमावर लिहिताना पहिल्या वाक्यात काही अडत नाही. दिग्दर्शकाचं पूर्ण नाव लिहायचं आणि पुढे जायचं. अडतं ते दुसऱ्या उल्लेखाला, कारण तिथून पुढे नुसतं आडनाव लिहायची इंग्रजीची रीत आहे. फिल्म सोसायटीसाठी मी पहिलं इंग्रजी टिपण लिहिलं तेव्हा वाँग कार-वाय यांचा उल्लेख तीन ठिकाणी ‘कार-वाय’ असा केला होता. एका ज्येष्ठ सभासदांनी तिन्ही ठिकाणी पेन्सिलीने गोल काढून कागद परत दिला. तेव्हापासून मी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, असं गृहीत धरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ आडनावाआधी येणाऱ्या ‘फॉन’चा (von). जर्मनमध्ये एकट्या आडनावापुढे तो सहसा गळतो. जर्मन कवीला आपणही गटे म्हणतो, फॉन गटे नाही. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्याबाबत इंग्रजीत दोन्ही रूपं चालतात. मी ‘स्टर्नबर्ग’ लिहितो. 1894 मध्ये व्हिएन्नात ते स्टर्नबर्ग म्हणूनच जन्मले, ‘फॉन’ अमेरिकेत चित्रपटाच्या श्रेयनामावलीत चिकटला. हाच न्याय लार्स फॉन ट्रिअर यांना लावला तर मात्र फसगत होते. त्यांचाही ‘फॉन’ जन्माचा नाही, फिल्म स्कूलच्या दिवसांत त्यांनी तो स्वतः घेतला. पण नुसतं ‘ट्रिअर’ लिहिलं की वाचकाला नॉर्वेचे योआकिम ट्रिअर आठवतात. म्हणून इथे ‘फॉन ट्रिअर’च. दोन कुरोसावांचं तसंच आहे. अकिरा आणि कियोशी एकाच लेखात आले, तर दर वेळी पूर्ण नाव लिहिलेलं बरं.

इटालियन ‘डे’ मात्र कधी गाळू नये. व्हित्तोरिओ डे सिका हे ‘डे सिका’च, त्यातला डी मोठा (कॅपिटल), आणि सूचीतही ते डीखाली. ब्रायन डी पाल्मा यांचंही तेच. गिलेर्मो देल तोरो यांचा डी पूर्ण नावात लहान असतो. एकट्या आडनावात तो लहान ठेवायचा की मोठा, यावर मतं वेगळी आहेत. मी लहान ठेवतो, वाक्याची सुरुवात त्यानेच होत असेल तेवढी सोडून. नुसतं ‘तोरो’ कधीही नाही.

स्पॅनिशमध्ये दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं आणि मग आईकडचं. त्या हिशेबाने आलेहांद्रो गोन्सालेस इन्यारितू यांना ‘गोन्सालेस इन्यारितू’ म्हणायला हवं. पण ‘बर्डमॅन’मध्ये, 2014 साली, त्यांनी स्वतःच पहिलं आडनाव आद्याक्षरावर आणलं. आता ‘इन्यारितू’ लिहिण्यात काही चूक नाही.

पूर्वेकडच्या नावांना एक नियम पुरत नाही. चीन आणि कोरियात आडनाव आधी येतं, म्हणून बोंग जून-हो हे ‘बोंग’ आणि झांग यिमौ हे ‘झांग’. अँग ली यांनी मात्र पाश्चात्त्य क्रम घेतला आहे, त्यामुळे ते ‘ली’. थायलंडमध्ये तर आडनावाची सक्तीच 1913 च्या कायद्याने आली आणि आजही माणसाला पहिल्या नावाने ओळखतात. 2010 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणारे अपिचातपोंग वीरासेताकुल यांना काही इंग्रजी वृत्तपत्रं आडनावाने लिहितात, सिनेमाचे अभ्यासक बहुधा ‘अपिचातपोंग’ लिहितात. मी अभ्यासकांच्या बाजूने आहे. त्यांच्या घरच्या माणसाला जे नाव ओळखीचं, तेच ठेवावं.

आपल्याकडे हा प्रश्न व्ही. शांताराम यांच्या नावात आहे. कोल्हापूरच्या शांताराम राजाराम वणकुद्रे यांचं आडनाव त्या एका ‘व्ही’मध्ये सामावलं. इंग्रजी पुस्तकाच्या सूचीत ‘शांताराम, व्ही.’ अशी नोंद दिसते, म्हणजे नाव आडनावाच्या जागी बसलं आणि आडनाव आद्याक्षर होऊन मागे गेलं. ती नोंद दुरुस्त करून ‘वणकुद्रे’ लिहावंसं मलाही वाटलं होतं. पण तसं केलं तर त्यांना शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्यांनी पडद्यावर ज्या नावाने सही केली, ते ‘शांताराम’च लिहावं, आणि मूळ आडनाव पहिल्या उल्लेखाजवळ एकदा नोंदवावं.

फाळके यांच्याबाबत निर्णय सोपा आहे, हात मात्र अडखळतो. मराठीत आपण ‘दादासाहेब म्हणतात’ असं लिहितो, क्रियापदातही आदर असतो. इंग्रजीत नुसतं ‘फाळके’ येतं आणि एकेरी वाटतं. तरी मी तेच लिहितो. ‘दादासाहेब’ हा शब्द पहिल्या उल्लेखात धुंडिराज गोविंद या नावासोबत येऊ देतो आणि पुढे त्यांना हिचकॉक, कुरोसावा, राय यांच्याच पंक्तीत बसवतो.