तीस वर्षे मुरलेली पोर्ट

टेलर्स या पोर्ट बनवणाऱ्या कंपनीची १९९४ सालची व्हिंटेज पोर्ट (एकाच निवडक सालच्या द्राक्षांची) लंडनमध्ये एका मित्राच्या घरी आम्ही चौघांनी उघडली. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातील ही वाइन दोनेक वर्षे लाकडात ठेवून न गाळताच बाटलीत भरतात आणि पुढची कित्येक दशके ती तिथेच मुरते. त्यामुळे तळाशी जाड गाळ साचतो. म्हणून बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवली होती आणि जुन्या बुचाचा चुरा होण्याची धास्ती असल्याने ते दोन पात्यांच्या ओपनरने हलकेच काढून, वाइन मलमलीतून सावकाश काचेच्या सुरईत ओतली.

पहिल्या घोटाला ती अबोल वाटली. तीन तासांनी मात्र जांभूळ, काळ्या मनुका, सुके अंजीर आणि मागाहून मिऱ्याची किंचित धग असा स्वाद उलगडत गेला; मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास असूनही घसा जळला नाही. सोबतचे स्टिल्टन चीज उत्तम जुळले, चॉकलेट अनावश्यक होते. (गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त, गोड लाल वाइनवरून हिची कल्पना करू नये.)

किंमत भारी आहे आणि उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. ज्यांना ही घाई नको, त्यांनी २० वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट, घ्यावी; ती गाळावी लागत नाही आणि काही आठवडे टिकते.