आकाश बदलणारं अ‍ॅप, वर्षभर वापरून: पिसांमधल्या फटींचे पैसे वेगळे द्यायचे काय?

वर्गणी संपत आलीय आणि 'नूतनीकरण करा' म्हणून रोज मेल येतोय, तेव्हा म्हटलं आताच लिहून टाकावं. अ‍ॅपचं नाव घालत नाही, कारण त्यांच्याशी झालेलं भांडण पुढे येणार आहे. एका क्लिकमध्ये फोटोतलं आभाळ बदलून देणारी हल्ली चार-सहा अ‍ॅपं आहेत, त्यातलंच एक समजा. काय काय येतं त्याची यादी तुम्ही वाचलेली असणारच, ती परत देत नाही.

मला हे लागलं कशाला ते आधी. बेळगावच्या शहापुरात आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, आणि दसरा झाला की कॅलेंडरं. कॅलेंडरावर देवांचे फोटो सगळेच छापतात, म्हणून मी काही वर्षांपासून इथल्याच पक्ष्यांचे घालते. फोटो माझेच. धुपदाळ, हिडकल, राकसकोपचे जलाशय, खानापूरकडची भातशेतं. पक्षी लोकांना आवडतात, तक्रार आभाळाची असते. एका सोसायटीचे चेअरमन प्रूफ बघून म्हणाले, "अक्का, पक्षी एक नंबर. पण आभाळ असं पांढरंफटक कशाला? जरा निळं करा की."

आता निळं आणायचं कुठून? जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरकडे वर नुसती पांढरी चादर असते. थंडीत तरी बरं असेल म्हणावं, तर तोवर गोकाक-हुक्केरीकडे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो, शेतात उसाचा पाला पेटवतात, आणि सकाळी उजाडतं तेच धुरकट. धुपदाळला नेमके याच दिवसांत कांड्या करकोचे येतात. तिथलं घटप्रभा नदीच्या बंधाऱ्यामागचं पाणी १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेला पक्षी डोक्यावरून थव्याने जातो आणि मागे आभाळ कसलं, तर ओल्या सिमेंटच्या रंगाचं. त्यामुळे वर्षाची वर्गणी भरली. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, हे पैसे भरायच्या पानावर गेल्यावरच दिसतं.

सुरुवातीचे महिने मी खूश होते, हे कबूल करायला हवं. बसलेल्या पक्ष्याला अ‍ॅप खरंच छान कापतं. नीलपंख हा कर्नाटकाचा राज्यपक्षी, इथल्या कॅलेंडरात तो हवाच, आणि तो कायम विजेच्या तारेवर बसलेला असतो. त्याचा मास्क, म्हणजे पक्षी कुठे आणि आभाळ कुठे हे ठरवणारा साचा, चहा उकळेपर्यंत तयार. तारेची मात्र त्याला खात्री नसते. अर्धी तार पक्ष्यात धरतं, अर्धी आभाळात, आणि नीलपंख दोन वीत तारेच्या तुकड्यावर बसलेला दिसतो. तार हाताने रंगवून परत आणता येते, म्हणून त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

कुरकुर आहे ती उडत्या पक्ष्याची. घार, गरुड, करकोचा पंख पसरतात तेव्हा टोकाची पिसं हाताच्या बोटांसारखी सुटी होतात आणि मधल्या फटीतून मागचं आभाळ दिसतं. अ‍ॅप त्या फटी बुजवतं. म्हणजे मागे झकास निळं आभाळ, आणि पंखाच्या टोकाशी पिसांच्या मधे जुन्या पांढऱ्या आभाळाच्या चिंध्या. मोबाइलवर दिसत नाही. लॅपटॉपवर पूर्ण फोटो बघितला तरी दिसत नाही. शंभर टक्क्यांवर नेलं की दिसतं, आणि कॅलेंडराच्या आकारात छापलं की आंधळ्यालाही दिसतं. कोल्हापूरच्या ज्या ऑफसेटवाल्याकडे माझी मोठी कामं जातात त्याने प्लेट काढायच्या आधी फोन करून विचारलं, "ताई, घारीच्या पंखाला चुना लागलाय काय हो?"

यात मशीनचा दोष किती आणि कामच किती अवघड, हे मी नंतर नीट बघितलं. पिसाच्या कडेचा पिक्सेल पूर्ण पिसाचाही नसतो आणि पूर्ण आभाळाचाही नसतो. थोडं तपकिरी, थोडं पांढरं, दोन्ही मिसळलेलं. पंख हलता असला तर अशा मिसळलेल्या पिक्सेलांचा पट्टा आणखी रुंद. मास्कने तो अर्धा दाखवला तरी त्यात मुरलेला पांढरा रंग जात नाही, तो नव्या निळ्यावर किनार होऊन उठतो. म्हणून नुसतं कापून चालत नाही, कडेच्या रंगातून जुनं आभाळ वजा करावं लागतं. त्यात जेपीईजीवर काम केलं तर भरीस भर, कारण जेपीईजी रंगाची माहिती आधीच पातळ करतं आणि फटीसारख्या बारीक जागेत रंग एकमेकांत सांडतात. हे सगळं मान्य. पण ज्याने 'केसन्‌केस वेगळा' म्हणून पैसे घेतले, त्याने पिसाकडे बघायला नको?

तेच मी ग्राहक सेवेला लिहिलं. आधी चॅटवर यंत्र बोललं, मग माणूस बोलला, पण फरक फारसा कळला नाही. नमुना फाइल मागितली, दिली. मोठी फाइल द्या म्हणाले, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली न दाबलेली मूळ फाइल दिली. अ‍ॅप काढून परत टाका म्हणाले, तेही केलं. शेवटी उत्तर काय आलं, तर चांगल्या निकालासाठी स्वच्छ, एकसारखं आभाळ असलेला फोटो निवडावा. अहो, आभाळ स्वच्छ असतं तर मी ते बदललं कशाला असतं! हा मेल मी दुकानातल्या पोरांना वाचून दाखवला, दोन दिवस तेच चाललं होतं. फ्लेक्सचा माणूस आला तर, "स्वच्छ गिऱ्हाईक निवडा."

मग पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचं मोठं अपडेट आलं आणि माझं मत थोडं हललं. कडा सुधारायला वेगळा ब्रश आला. तो फटीवरून फिरवला की मोठ्या पक्ष्याच्या फटी खरंच मोकळ्या होतात. चित्रबलाकाच्या पंखावर मी तो वापरला आणि महिनाभर जिथे तिथे अ‍ॅपची तारीफ करत होते. पण हाच ब्रश घारीवर वेगळंच करतो. पीस हललेलं, धूसर असलं की त्याला ते आभाळच वाटतं, आणि तो अख्खं पीस पुसून टाकतो. शिकारी पक्षी ओळखणारे लोक ही बोटं मोजतात, किती मोकळी दिसतात त्यावरून जात ठरवतात. खानापूरच्या एका सरांनी प्रूफ हातात घेतलं आणि दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, "हिचं एक बोट कुठं गेलं?" डावा पंख आणि उजवा पंख जुळत नव्हता. पुसलेल्या पिसाची जागा इतकी सफाईने भरलेली की मूळ फोटो शेजारी ठेवल्याशिवाय मलाही सापडेना. पांढरी किनार परवडली, ती दिसते तरी.

या वैतागात मी परत गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरकडे वळले. गिंप दुकानाच्या जुन्या संगणकावर पहिल्यापासून आहे, फुकट आहे, आणि त्याची चेष्टा करायची पद्धत आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ३.० आलं, त्यात फिल्टर लावल्यावरही मागाहून बदलता येतात, तेवढ्यासाठी उतरवून घेतलं होतं. त्यात 'कलर टू अल्फा' म्हणून एक जुनंच साधन आहे. मी ते आयुष्यभर लोगोमागचा पांढरा रंग काढायला वापरलं. ते घारीच्या फोटोवर लावलं आणि खुर्चीवरून उठले.

हे साधन कड शोधतच नाही. तुम्ही सांगितलेला रंग, इथे आभाळाचा पांढुरका करडा, प्रत्येक पिक्सेलमध्ये किती मिसळलाय ते काढतं आणि तेवढा वजा करून त्या जागी पारदर्शकपणा ठेवतं. म्हणजे मला जे हवं होतं तेच. फटी आपोआप मोकळ्या, हललेल्या पिसाचं धूसर टोक धूसरच, पण आता त्यातून निळं दिसतं. चुना गेला. पीस एकही गेलं नाही.

अर्थात पक्ष्याच्या अंगावर जिथे जिथे पांढुरकं आहे तिथेही भोक पडतं. ब्राह्मणी घारीचं डोकं आणि छाती पांढरी, ती आरपार होते, पोटातून ढग दिसतो. त्यावर उपाय सोपा: मूळ फोटोची एक प्रत वर ठेवायची, तिला काळा मास्क घालायचा (मास्कवर काळं ते लपतं, पांढरं ते दिसतं), आणि फक्त अंगावर पांढऱ्या ब्रशने भरत जायचं, कडेच्या किंचित आत थांबून. अंगाला ठोकळ मास्क, पंखाच्या टोकांना कलर टू अल्फा. ब्राह्मणी घारीच्या पंखाची टोकं काळी, चित्रबलाकाची उडायची पिसं काळी, कांड्या करकोच्याची गडद. निसर्गाने आपल्यासाठीच रंगवल्यासारखे पक्षी आहेत हे, अवघड जागा नेमकी काळी.

आभाळ आधीच निळसर असेल तर एवढंही करू नका. फोटोचे लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल सुटे करून बघा. निळ्या आभाळापुढे तपकिरी घार निळ्या चॅनेलमध्ये जवळजवळ काळी दिसते आणि आभाळ उजळ, तीच प्रत लेव्हल्सने ताणली, म्हणजे काळं आणखी काळं, उजळ आणखी उजळ केलं, की मास्क तयार. पांढरा पक्षी असेल तर लाल चॅनेल, तिथे निळं आभाळ काळवंडतं. आणि संध्याकाळची नुसती काळी आकृती असेल तर मास्कच नको, नवं आभाळ वरून मल्टिप्लाय या मिसळायच्या प्रकारावर टाका, पांढरं जाईल, काळं काळं राहील.

मग अ‍ॅपमध्ये उरलं काय? आभाळांचा संग्रह. त्याबद्दलही आता मला फार प्रेम नाही. पहिलं म्हणजे सगळीकडे तीच आभाळं दिसतात, निपाणीच्या एका ज्वेलर्सच्या फ्लेक्सवर माझ्या जानेवारीचा सूर्यास्त होता. दुसरं जास्त महत्त्वाचं. माझी लेन्स ४०० मिमी, कॅमेऱ्याचा सेन्सर क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान). म्हणजे फोटोत आडवं जेमतेम साडेतीन अंश आभाळ मावतं, पौर्णिमेचे सहा-सात चंद्र शेजारी शेजारी ठेवले की संपलं. एवढ्याशा खिडकीत ढगांची अख्खी रांग आणि क्षितिजावरचे किरण येणार कुठून? आले तर एका ढगाचा धूसर तुकडा येईल. रुंद लेन्सचं आभाळ घारीमागे चिकटवलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. त्यात उजेड. ढगाळ दिवशी पक्ष्यावर सावलीच नसते, त्याच्यामागे सोनेरी सूर्यास्त ठेवला तर सूर्य फक्त आभाळालाच दिसला म्हणायचं.

म्हणून आभाळं आता मी स्वतः काढते. पाऊस उघडला की येळ्ळूरच्या राजहंसगडावर जायचं, तीच लांब लेन्स लावायची, फोकस मुद्दाम थोडा सोडायचा, आणि फिक्या निळ्याचे, एखाद्या ढगाच्या कडेचे फोटो घ्यायचे. गडावर आलेले लोक विचारतात, तिथे काय आहे म्हणून. काही नाही म्हटलं तरी वर बघत राहतात. घरी येऊन त्यात पक्ष्याच्या फोटोइतका नॉइज, म्हणजे बारीक दाणे, मिसळायचा, नाहीतर पक्षी खरखरीत आणि आभाळ गुळगुळीत असं दिसतं, शिवाय छपाईत निळ्याचे पट्टे उमटतात.

एक गोष्ट कॅलेंडरबाहेरच्या लोकांसाठी. हे फोटो स्पर्धेच्या नेचर विभागात पाठवू नका. फियाप, पीएसए आणि आरपीएस या फोटोग्राफीच्या मोठ्या संस्थांची २०१५ पासून एकच व्याख्या आहे आणि त्यात काही जोडणं किंवा काढणं चालत नाही. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्ड या साइटवर मी मूळ पांढऱ्या आभाळाचाच फोटो टाकते. कॅलेंडरावरही आता एका कोपऱ्यात 'आकाश बदलले आहे' असं कन्नड आणि मराठीत बारीक छापते. चेअरमनसाहेबांनी ते वाचलेलं नाही.

वर्गणीचं म्हणाल तर मी पुढे चालू ठेवत नाहीये. दिवसाला दहा-वीस लग्नाचे, घरांचे, प्लॉटच्या जाहिरातींचे फोटो करणाऱ्याने खुशाल घ्यावं, इमारतीला पिसं नसतात. बंद करताना अ‍ॅपमधलं 'रद्द करा' शोधायला मला अर्धा तास लागला, आणि सापडल्यावर त्याने तीन वेळा 'खरंच जाताय?' विचारलं. त्यापेक्षा सरळ बँकेच्या अ‍ॅपमध्ये जा आणि ई-मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, तिथूनच काढून टाका, तो हक्क आपल्याला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, तो मेसेज जाहिरातींच्या ढिगात शोधा.

आता माझं अडलेलं. ऑगस्टमध्ये राकसकोपच्या कडेला छोटा बगळा मिळालाय, उडताना, डोक्यामागे विणीच्या दिवसांतली दोन लांब पिसं वाऱ्यावर. पक्षी पांढरा, आभाळ पांढरं. अ‍ॅपने तुरा कापला, कलर टू अल्फाने बगळाच गायब केला, चॅनेलमध्ये काही दिसत नाही. मी ती दोन पिसं हाताने रंगवायला तयार नाही, मग फोटो कशाला काढायचा. रॉ फाइल देते, कुणाला जमत असेल तर करून दाखवा. बेळगावच्या कॅम्पातला कुंदा, आमची इथली मिठाई, माझ्याकडून, पाव किलो.