तरुणांचा नवा टॉक शो: पाहुणे कमी करा, माइक नीट लावा

विषय अगदी नेमके निवडलेत: एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी, इंदूरमध्ये भंवरकुआंजवळच्या खोल्यांचं भाडं. पण अर्ध्या तासातली सहा मिनिटं जाहिरातींत गेली की उरतात चोवीस, आणि त्यात चार पाहुणे! दोनच बोलवा. सूत्रसंचालिका प्रश्नातच उत्तर देऊन टाकते, ‘ताण आला असेल ना?’ मुलगा नुसती मान हलवतो. ‘ताण आला त्या रात्री काय केलंस?’ असं विचारलं तर तो बोलेल. आवाज फारच वाईट. कॉलर माइक ओढणीखाली दबल्याने कापडाची खसखस येते. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कापडाच्या बाहेर हवा. प्रेक्षकांतल्या मुलीने खोलीमालकाने बुडवलेल्या डिपॉझिटबद्दल विचारलं, तेव्हा कुठे स्टुडिओत जान आली. तिलाच मध्ये तोडलं!