पीईएवरील कार्यशाळा: शिकवणे उत्तम, पण पायलट (रुग्णवाहिकेचे चालक) बाहेर

रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी लातुरात भरलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला नुकताच जाऊन आलो. विषय एकच होता: पल्सलेस इलेक्ट्रिकल ॲक्टिव्हिटी, म्हणजेच पीईए. मॉनिटरवर हृदयाची लय नीटनेटकी दिसते, पण हृदयातून रक्त पुढे ढकलले जात नाही आणि मानेची नाडी लागत नाही, अशी ही अवस्था असते. पडद्यावर सरळ रेष आली की कोणीही सावध होतो. इथे मात्र पडदाच धीर देतो आणि त्या धीरात मोलाची मिनिटे निघून जातात. एवढ्या एका विषयाला दोन दिवस देणे मला आधी जास्त वाटले होते, पण पहिल्याच सत्रानंतर ती शंका उरली नाही.

त्या सत्रात सरावाच्या पुतळ्याला मॉनिटर जोडलेला होता. मिनिटाला सत्तरच्या आसपास ठोके, क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याची टोकदार रेघ) अरुंद, आवाज नियमित. पुढे आलेल्या डॉक्टरांनी बीपीचा पट्टा बांधला, यंत्राने दोनदा ‘एरर’ दाखवली. ऑक्सिमीटरवर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा आल्या, म्हणून त्यांनी बोट पुसून तो पुन्हा लावला. प्रशिक्षकांनी शांतपणे एवढेच विचारले, “डॉक्टर, नाडी कोणी पाहिली?” बीपी येत नाही आणि ऑक्सिमीटर वाचत नाही, तेव्हा यंत्र बिघडले असे गृहीत धरण्याआधी मानेवर बोटे ठेवा, कारण यंत्र बहुधा खरेच सांगत असते, हा धडा तिथे सगळ्यांनाच मिळाला. नाडी तपासायला 10 सेकंदांपेक्षा जास्त वेळ घ्यायचा नाही आणि खात्री नसेल तर नाडी नाही असे समजून छातीवर दाब सुरू करायचे, हे त्यांनी दोन्ही दिवस प्रत्येकाकडून करून घेतले.

उपचारांचा भाग नेमका होता. पीईएमध्ये विजेच्या शॉकचा उपयोग नाही, त्यामुळे तो देणारे यंत्र, डीफिब्रिलेटर, सज्ज करण्यात वेळ घालवायचा नाही. स्वयंचलित एईडी (लय स्वतः तपासून शॉक सुचवणारे यंत्र) अशा रुग्णाला ‘शॉकची गरज नाही’ असे सांगते, आणि भोवतालची माणसे ‘म्हणजे ठीक आहे’ असे समजून हात काढून घेतात. हा गैरसमज प्रशिक्षकांनी मुद्दाम उलगडून दाखवला. छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, दर 2 मिनिटांनी दाबणारा बदलायचा, अम्बू बॅगने (हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने) श्वास द्यायचा, शिरेतून किंवा हाडातून मार्ग मिळताच ॲड्रेनॅलिन हे औषध 1 मिलिग्रॅम आणि पुढे दर 3 ते 5 मिनिटांनी तोच डोस. ॲट्रोपिन हे औषध 2010 सालीच या यादीतून गेले, तरी ते अजून अनेकांच्या हातात सवयीने येते, हे सभागृहातही दिसून आले.

पण कार्यशाळेची खरी ताकद कारणे शोधण्याच्या सत्रात होती. कारण सापडेपर्यंत पीईए बहुधा हटत नाही, म्हणून दाब थांबू न देता ‘हे का झाले’ हा प्रश्न चालू ठेवायचा, आणि त्याचे उत्तर मॉनिटरपेक्षा घटनास्थळी जास्त मिळते. उदाहरणे आपल्या भागातली निवडली होती. फवारणी करून परतलेला, तोंडाला फेस आलेला शेतकरी. पहाटे घरात जमिनीवर झोपलेला, पापण्या मिटत चाललेला तरुण: मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि हृदय ऑक्सिजनअभावी थांबते, म्हणून तिथे पहिले औषध म्हणजे अम्बू बॅग. डायलिसिसची पाळी चुकलेला रुग्ण, ज्याचा क्यूआरएस रुंद आणि विचित्र दिसतो: तिथे रक्तात वाढलेल्या पोटॅशियमचा संशय घेऊन 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 30 मिली शिरेतून द्यायचे. क्यूआरएस रुंद असेल तर विष, पोटॅशियम किंवा रक्तातील आम्लता, आणि अरुंद असेल तर रक्तस्राव, छातीत कोंडलेली हवा, हृदयाभोवतीचे रक्त किंवा फुप्फुसातील मोठी गुठळी, अशी सुरुवातीची दिशा त्यांनी दिली आणि ही फक्त दिशा आहे, निकाल नाही, असेही बजावले.

सोलापूर–धुळे महामार्गावरील अपघाताचा प्रसंग मला सर्वांत उपयोगी वाटला. स्टीअरिंगवर छाती आदळलेला चालक, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या. इथे केवळ दाब देऊन हाती काही लागत नाही. वाहता रक्तस्राव आवळून थांबवणे, श्वासमार्ग मोकळा करणे आणि कोंडलेली हवा सुईने बाहेर काढणे, ही कामे ॲड्रेनॅलिनच्याही आधी येतात. सुई कुठे घालायची हे शिकवताना त्यांनी पुतळ्यावर चौथी–पाचवी बरगडी स्वतः मोजायला लावली, नुसते बोट दाखवून सोडले नाही. बरगडी हाताला लागल्याशिवाय पुढे जाऊ न देणारे प्रशिक्षक मला क्वचितच भेटले आहेत.

कॅपनोग्राफचा, म्हणजे उच्छ्वासातील वायू मोजणाऱ्या यंत्राचा, भागही मनापासून आवडला. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड 10 मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर आधी आपले दाब आणि श्वासनळीत घातलेल्या नळीची जागा तपासायची, आणि तो एकाएकी 35–40 वर उसळला तर रक्ताभिसरण परतल्याची ती अनेकदा पहिली खूण असते. काही पीईए रुग्णांचे हृदय सोनोग्राफीत आकुंचन पावताना दिसते, पण नाडी लागेल इतका रक्तदाब त्यातून तयार होत नाही; अशा रुग्णांची आशा जास्त असते. आपल्या बहुतेक गाड्यांत सोनोग्राफी नसल्याने हे ज्ञान तूर्त रुग्णालयाच्या दारातच उपयोगी पडेल, तरी रुग्ण ताब्यात देताना ‘लय होती, नाडी नव्हती, अमुक वाजल्यापासून’ असे स्पष्ट सांगण्याचे भान त्यातून नक्कीच येते.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. रुग्णवाहिकेत डॉक्टर आणि पायलट अशी दोनच माणसे असतात, आणि शॉकचा उपयोग नसलेल्या या अवस्थेत सारा भार हातांवर असतो. सुई, नळी, औषध हे सगळे डॉक्टर पाहत असताना छाती दाबणारे हात पायलटचेच असणार. तरीही कार्यशाळेत पायलटना प्रवेश नव्हता. प्रत्येक प्रसंगात चार-पाच जणांची टोळी पुतळ्याभोवती उभी होती, जणू आपण आयसीयूत आहोत. दोन माणसांनी कामे कशी वाटून घ्यायची, गावातल्या एखाद्या धडधाकट तरुणाला अर्ध्या मिनिटात दाब द्यायला कसे शिकवायचे, हे कुठेही आले नाही. चालत्या गाडीत दाबांची प्रत घसरते, म्हणून पहिली काही मिनिटे जागेवरच देणे हिताचे असते. पण दारात जमलेले नातेवाईक “डॉक्टरसाहेब, आधी गाडी हलवा” म्हणून ओरडत असतात, तेव्हा त्यांना काय सांगायचे याचा सराव व्हायला हवा होता. पडद्यावर ठोके पाहिलेल्या मुलाला ‘वडिलांचे हृदय थांबले आहे’ हे पटवणे सोपे नसते. ती चार वाक्ये तयार असावी लागतात.

टिपणेही फक्त इंग्रजीत दिली. गाडीच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल असा, कारणांचा आणि डोसांचा एक मराठी तक्ता दिला असता तर तो पायलटलाही वाचता आला असता.

ग्रामीण रुग्णालयात किंवा रुग्णवाहिकेवर असलेल्या डॉक्टरांनी ही कार्यशाळा जरूर करावी. बेसिक सीपीआर (छातीवर दाब आणि श्वास देण्याचे प्राथमिक तंत्र) आधी पक्का नसेल तर मात्र घाई करू नये, कारण इथे तो गृहीत धरलेला आहे. नाव नोंदवताना संयोजकांना विचारा की पायलटना सोबत आणता येईल का. मी समारोपाच्या फॉर्ममध्ये हेच लिहून आलो आहे. आणखी दहा जणांनी विचारले तर पुढच्या तुकडीत त्यांच्यासाठी जागा निघण्याची शक्यता वाढेल.